गुडघ्यापुरती जागा

आप्पा, तुम्हाला मातीत बसवलं तेव्हा तुमचा उजवा गुडघा ऐकेना.

तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात, अंगभर विभूती लावतात. हे मला ठाऊक होतं. पण मोंढ्याच्या बाजारात पेंडीच्या पोत्यांची थप्पी अंगावर आली होती, तेव्हापासून तो गुडघा तुमच्या मांडीत कधी मावलाच नव्हता. जेवायला पाटावर बसलात की तो वीतभर बाहेर यायचा, आणि वाढणाऱ्यानं त्याला वळसा घालून जायचं, हा तुमच्या घरचा कायदा. खड्ड्यातही त्यानं तेच केलं. स्वामींनी दाबला, तुमच्या पोरानं, शिवराजनं दाबला, तुमच्या भाच्यांनी दाबला. हात काढला की परत वर. शेवटी त्या बाजूची माती उकरून त्याला जागा करून दिली. सगळे रडत होते आणि मी मोठ्यानं हसलो. पाटलाचं डोकं फिरलं, असं लोकांनी ठरवून टाकलं. काय करू? मला वाटलं, आता तुम्ही डोळे उघडून म्हणणार, "पाटील, भागिले चार."

तेच तर तुमचं काम होतं. मी नांदेडहून पेंडीच्या गाडीबरोबर चाकूरला यायचो, तुमच्या दुकानाच्या पायरीवर बूड टेकायचो आणि सुरू व्हायचो. गोदेच्या पुरात ट्रॅक्टरएवढा मासा सडकेवर आला, असं मी म्हणायचो. तुम्ही पोत्याची सुतळी सोडत, वर न बघता म्हणायचात, "भागिले चार. ट्रॅक्टरच्या चाकाएवढा. बरं, पुढं?" उन्हात चालत आलो तर माझी सावली करपून वास सुटला म्हणालो, तर, "घाम आला म्हणा की." सगळा गाव मला खोटारडा म्हणायचा. माझ्या खोट्यातला चौथा हिस्सा खरा धरणारे तुम्ही एकटे. आता भागणारं कुणी नाही, आणि मी जे बोलतो ते अख्खंच्या अख्खं पडून राहतं.

म्हणून आजचं जरा जपून लिहितो. मुनीमबद्दल आहे.

मुनीम आला तो सफरचंदाच्या खोक्यातून. गोदामातली सरकी रातोरात कमी व्हायला लागली म्हणून तुम्ही हैदराबादहून बुलमास्टिफ जातीचं पिल्लू आणवलंत आणि नाव ठेवलंत मुनीम. दोन महिन्यांत तो खोक्यात मावेना, सहा महिन्यांत दारात मावेना, वर्षानं चाकूर तालुक्यात मावेना. तो पाणी प्यायला की हौदाचा तळ दिसायचा. तो भुंकला की अहमदपूरची गाडी स्टँडात न शिरता सरळ पुढं निघून जायची. बरं, भागा. भागूनही तो कुत्रा वासराएवढा होता, हे तुम्हीसुद्धा नाकारलं नसतं.

आपला वाद पहिल्याच दिवशी लागला. तुमच्या सुनेला दिवस गेलेले होते.

"आप्पा, राखणीला ठीक हाय. गोदामात बांधा. घरात लेकरू येणार हाय."

"पाटील, हा भाकर-ताकावर वाढणार हाय. आमच्या घरात अंडं शिजत न्हाई. मटणाचा वास ठाऊक नसलेल्या जनावराला चावायचं सुचंल कसं?"

"माझ्या बैलाला कुठं मटण ठाऊक हाय? शिंग मारायचं बरोबर सुचतंय त्याला."

"तुमच्या बैलावर संस्कार न्हाईत."

सगळ्या जगात मास्टिफ पाळणारे असतील. पण त्याला ज्वारीची भाकरी चारून तो शाकाहारी झाला, म्हणजे गरीब झाला, असं मानणारं घर तुमचं एकच. गौरी झाली, रांगायला लागली, मुनीमच्या पोटावर डोकं ठेवून झोपायला लागली. मी आलो की तुम्ही मुद्दाम ते दाखवायचात. "बगा. बगा तुमचा वाघ." मी बघायचो आणि पायरीवर जरा मागं सरकायचो. पोरगी त्याच्या तोंडात हात घालायची, आणि तो माझ्याकडं बघायचा. पोरीकडं नाही, माझ्याकडं. बाहेरचा कोण आहे, हे तो डोळ्यांत लिहून ठेवत असायचा.

मग ती शेजारची पोर. चेंडूमागं पळत अंगणात आली आणि मुनीमनं तिला नुसतं छातीनं थांबवलं. दात लावला नाही, नख लावलं नाही. तरी हनुवटीला टाके पडले.

"चावला का?" तुम्ही म्हणालात. "न्हाई ना? आडवलं फक्त."

"भिंतबी चावत न्हाई आप्पा. पण भिंत उठून अंगावर येत न्हाई."

तेव्हा तुम्ही चारनं भागलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाच. पोत्यावर बोटानं रेघा ओढत बसलात आणि मग म्हणालात, "मी हाय तोवर काय होत न्हाई, पाटील." तुमचा हिशेब सरळ होता. ह्या जातीचं कुत्रं आठ-दहा वर्षांवर काही जगत नाही. त्याच्या आधी तुम्ही थोडेच जाणार होतात! मी विचारलं नाही, आणि नसाल तेव्हा? ओठांवर आलं होतं. पण सुनेनं चहा आणला, आणि चहासमोर मी असले प्रश्न विचारत नाही.

त्या घरातल्या दोन गोष्टी मी पायरीवरून नेहमी बघायचो. संध्याकाळी सगळे जेवायला बसले की मुनीम दारातून आत यायचा आणि एकेकाचं तोंड बघायचा. तुम्ही, वैनी, शिवराज, सून, गौरी. बेरीज जुळली की तोंड बाहेर करून उंबऱ्यावर आडवा पडायचा. त्यानंतर बाहेरचा आत नाही आणि आतला बाहेर नाही. लघवीला जायचं तर तुम्ही सोबत उठायचं. दुसरी गोष्ट सकाळची. तुमची लिंगपूजा झाली की कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायचात, मग गौरीला लावायचात, उरलेलं बोट मुनीमच्या दोन डोळ्यांच्या मधे टेकवायचात आणि म्हणायचात, "जा. झालं." मग तो उंबरा सोडायचा. कुत्र्याला विभूती लावता म्हणून स्वामी एकदा रागावले, तर तुम्ही म्हणालात, "रातभर जागतो स्वामी. सकाळी सुट्टी तरी द्यावी का नको?"

मला तो तुमचा लाड वाटायचा.

तुम्ही गेलात तेव्हा पाहुण्यांची रीघ लागली म्हणून मुनीमला गोदामात साखळीनं बांधलं. पाहुणे गेले, तशी शिवराजनं साखळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. आवाज इतका बारीक, की मला वाटलं देवळातून बोलतोय.

"काका, या. मुनीम कुणाला उठू देईना."

"म्हंजे?"

"म्हंजे उठू देईना. डॉक्टरला बोलावलंय सुई घेऊन. तुमी या आदी."

माझ्या उमरीहून नांदेड, लोहा, अहमदपूर करत पोचायला भर दुपार झाली. रस्ताभर मी मनात भाषण तयार करत होतो. खरं सांगतो आप्पा, दुःख होतं, पण वाद जिंकल्याची गुदगुलीही होती. चौकात उतरलो आणि गुदगुली गेली.

तुमच्या घरासमोरची सडक अर्धीच चालू होती. माणसं पलीकडच्या कडेनं जात होती. ऊन इतकं, की भिंती पांढऱ्या दिसत होत्या. दार सताड उघडं, दुकानाचं शटर वर, आणि आतून कसलाच आवाज नाही. भांड्याचा नाही, टीव्हीचा नाही. ढोरांचे डॉक्टर त्यांच्या मोटारसायकलला टेकून उभे होते, पिशवी पोटाशी धरून.

"मी जाणार न्हाई आत," ते म्हणाले. "त्यानं नुसतं बगितलं माझ्याकडं."

मुनीम उंबऱ्यावर होता. मला ओळखलं नाही असं कसं म्हणू? ओळखलं. म्हणूनच ओठ फक्त एका बाजूनं वर केला. मी खिडकीला गेलो. गज धरून आत बघितलं, आणि माझी दुपार तिथंच गार पडली.

सगळे जेवणाच्या जागांवर बसलेले होते, आप्पा. भर दुपारी, रात्रीची उष्टी ताटं तशीच. वैनी चुलीच्या अंगाला, शिवराज खांबाशी, सून दाराकडं पाठ करून, गौरी आईला चिकटून. आणि मधे तुमचा पाट. रिकामा.

"रातच्यापासून असंच," शिवराज ओठ न हलवता बोलला. "कुणी उठलं की येतो, छातीनं रेटून परत जागंवर बसवतो. दात लावून न्हाई राहिला. पण पोरगी रडायला लागली की गुरगुरून राहिला. काका, तुमीच म्हणायचा ना, हे एक दिवस घर खाईल? खाल्लं बगा."

"तुमाला मोजलं का त्यानं रातच्याला?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

उत्तर वैनींनी दिलं. "मोजलं की भाऊजी. समद्यांची तोंडं बगितली. मग पाटाकडं बगितलं. मला वाटलं आता शोदत बसंल ह्यांना, रडंल. न्हाई शोदलं. बेरीज जुळली त्याची. गेला आन् झोपला दारात."

तेवढ्यात मुनीम उठला आणि घरातून एक फेरी मारायला लागला. वैनींवरून गेला, शिवराजवरून गेला. पाटापाशी आला. तिथं सगळी जमीन मोकळी होती, सरळ जायला काहीच आडवं नव्हतं. तो पाटाजवळ वळला आणि उजव्या बाजूला वीतभर जागा सोडून गेला. तेवढीच. गुडघ्याला वळसा घालतात तसा.

आप्पा, मी गज सोडले नाहीत, एवढंच माझं शौर्य.

डॉक्टर मागून म्हणाले, "खिडकीतून सुई मारता येईल. तुमी त्याला हिकडं बोलवा." वैनीच बोलल्या, आवाज अजिबात न चढवता: "ह्यांच्यासमोर मारता का त्याला?"

तेव्हा मला ती सकाळची विभूती आठवली. मुनीम पिसाळला नव्हता. त्याची रात्र संपली नव्हती. रात्रीची राखण लागली, पण सकाळी "जा, झालं" म्हणणारा हात चाकूरच्या मातीत मांडी घालून बसला होता. वर ऊन होतं, डॉक्टर होते, अहमदपूरच्या गाड्या जात होत्या, आणि त्या उंबऱ्याच्या आत अजून काल रात्रच चालू होती.

"सूनबाई, इभूत घ्या," मी खिडकीतून म्हणालो. "त्याच्या कपाळाला लावा."

तुमचा विभूतीचा गोळा तुमच्याबरोबरच गेला होता. तिनं देवळीतला दुसरा घेतला, बसल्या बसल्या हात लांब केला. मुनीमनं वास घेतला आणि असा आवाज काढला, की तो आवाज मला कानांनी नाही, गजांतून तळहातांना ऐकू आला. तिनं हात मागं ओढला. डॉक्टरांनी पिशवीची चेन उघडली.

"आई चुकली," गौरी म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"असं नसतंय. आदी आप्पाला. मग मला. मग त्याला."

आणि ती उठली. मुनीमनं तिला बसवलं नाही. आईनं तिचा फ्रॉक धरायला हात केला, तशी मुनीमनं आईकडं मान वळवली, आणि आईचा हात हवेतच राहिला. मी उमरीत शिंकलो तर आवाज धर्माबादला ऐकू जातो, हे तुम्ही चारनं भागूनही मान्य केलेलं आहे. मी ओरडलो, "गौरे, बस खाली!" असं मला वाटलं. घशातून काही निघालंच नाही.

पोरगी पाटासमोर गेली. चिमटीत विभूती घेतली, टाचा उंच केल्या, आणि रिकाम्या पाटावर हवेत तीन बोटं ओढली. आडवी. बसलेल्या माणसाचं कपाळ असतं तेवढ्या उंचीवर. ओढताना तिनं दुसरा हात आधाराला टेकवला. कशावर टेकवला, ते मी लिहीत नाही. मग स्वतःच्या कपाळावर. मग ती वळली आणि त्या जबड्यासमोर उभी राहिली. तिचं अख्खं डोकं त्याच्या तोंडात मावलं असतं, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. तिनं बोट त्याच्या दोन डोळ्यांच्या मधे टेकवलं.

"जा. झालं."

मुनीमनं असा श्वास सोडला, की दाराची तोरणं हलली. उंबरा ओलांडला, सडकेवर आला, डॉक्टरांच्या मोटारसायकलीच्या चाकाशी पाय वर केला, आणि इतका वेळ उभा राहिला, की तेवढ्यात माझा बैल अर्ध्या शेतात पाळी घालून आला असता. आत सूनबाई पोरीला छातीशी धरून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. डॉक्टरांनी पिशवी बंद केली.

मग पायरीवर मी आणि शिवराज बसलो. तुमच्या जागेवर कुणी बसलं नाही.

"आता काय म्हंता काका? गरीब हाय का वंगाळ हाय?"

आपला सगळा वाद त्या पोरानं एका ओळीत विचारला. मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण खरं तर तुम्हालाच सांगायचं होतं. कुत्र्याबद्दल तुम्ही बरोबर होतात. त्याच्यात वाईट काही नाही. रात्रभर एवढा घाबरलेला घोळका सांभाळला आणि एकाच्याही अंगाला दात लावला नाही. पण घराबद्दल मी बरोबर होतो. ह्या जातीचं जनावर घराचं होत नाही, ते एका हाताचं होतं. तो हात आहे तोवर पोरीनं पोटावर झोपावं. हात गेला, की उरलेलं सगळं घर त्याच्या ताब्यात, आणि त्यातून सुटायची रीत एका लेकराला ठाऊक. उद्या ती तापानं निजली तर? एक बोट मागंपुढं झालं तर? आप्पा, तुम्ही सगळ्यांना राखायला कुत्रा ठेवलात, आणि त्या सगळ्यांची किल्ली लेकराच्या बोटावर ठेवून गेलात.

"मी नेतो त्याला," मी म्हणालो. "आमच्या शेतातल्या आखाड्यावर लेकरं न्हाईत. नातवंडं दिवाळीला येतेत तवा बांधतो गोठ्यात."

शिवराज म्हणाला, "काका, भागिले चार का अख्खं?"

"अख्खं."

गौरीनं मला पद्धत दोनदा शिकवली. टेम्पोत चढवताना ती रडली नाही. मुनीमला नाही, हवेत माझ्या शेजारी बघून म्हणाली, "नीट जा." मी इकडंतिकडं बघितलं. शेजारी कुणी नव्हतं.

तुम्हाला मी किती वेळा म्हणालो, एकदा उमरीला या. ज्वारीचं रान दाखवतो, कणसं इतकी वजनदार की धाटं गुडघे टेकतात. तुमचं ठरलेलं उत्तर, "दुकान कोण बगंल? मुनीम कोण बगंल?" नाहीच आलात.

काल पहिलीच संध्याकाळ. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी दिवस बुडायच्या आत जेवतो. ओसरीत बसलो. मुनीम दारातून आला. माझं तोंड बघितलं. शारदीचं बघितलं. मी मनात म्हणालो, झाली बेरीज, दोनच तर आहोत. तो वळला नाही. माझ्या डाव्या हाताला पोतं अंथरलेलं होतं, तिकडं बघितलं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आणि शेपूट हलवली. मग त्या पोत्याशेजारून, उजवीकडं वीतभर जागा सोडून, उंबऱ्यावर जाऊन पडला.

"हे असं वाकडं का चालून राहिलं?" शारदी म्हणाली. "सरळ वाट हाय की."

मी गप्प.

"तुमी गप्प? ताप हाय का तुमाला?"

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि म्हणाली, "तुमचं काय, रोजचंच हाय."

आज सकाळी मी पोतं उचलून तिथं पाट मांडला. काळ्या सागाचा आहे, माझ्या आईचा. आयुष्यात कपाळाला विभूती न लावलेला मी, वैनींनी दिलेला गोळा घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. शारदी दारातून हसत होती. आधी आप्पाला. हवेत तीन बोटं ओढली. मग मला. मग त्याला. "जा. झालं." तो गेला, चिंचेखाली पाय ताणून झोपला. मग मी खाली वाकलो. काळ्या पाटावर पांढरं कणभर जरी पडलं तरी दिसतं. मी माझी चिमूट बघितली, ती रिकामी होती. पाटावर हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

हे कुणाला सांगू? हे चारनं भागा, आप्पा. भागून जेवढं उरेल तेवढं मला पुरतं. आणि आलाच आहात, तर उठायची घाई करू नका. वाद अजून अर्धा आहे, मला बोलायचं पुष्कळ आहे, आणि आजपासून वाढताना शारदीला मी त्या बाजूनं वळसा घालून जायला सांगितलं आहे. ती चिडते. पण जाते.